वाळवंटातली स्लेज आणि एक निरगाठ

प्रवासाला निघण्याआधी लोक तिकीट काढतात. आम्ही पिंप कापला. निळा, प्लॅस्टिकचा, हॉटेलात साबणाचं पाणी भरून येतो तसला. उभा चिरून त्याचे दोन भाग केले, एकात विटा भरल्या, आणि अल हैलच्या किनाऱ्यावर संध्याकाळी फिरायला आलेल्या निम्म्या वस्तीसमोर माझ्या मुलीने तो दोरीने ओढायला घेतला. दहा पावलांत पिंप कुशीवर वळला आणि विटा वाळूत सांडल्या. ओळखीची दोन माणसं हात करून गेली. मी दुसरीकडे बघितलं.

मी परेरा, मूळचा वसईचा, मस्कतमधल्या एका हॉटेलात मेंटेनन्स सुपरवायझर. बंद केलेलं दार खरंच बंद आहे का, हे दुसऱ्यांदा बघण्याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करतो. आमच्या इमारतीतून सुट्टीला गावी निघालेली कुटुंबं आपली कार्टनं माझ्याकडे आणतात, कारण मी बांधलेला दोर आजवर कुठल्याही विमानतळावर सुटलेला नाही. एकावर एक तीन निरगाठी. गावी पोचल्यावर लोक कोयता घेऊन बसतात आणि मला शिव्या घालतात, पण सामान पोचलेलं असतं. भित्रा म्हणा हवं तर. मी स्वतःला सावध म्हणतो.

अशा माणसाच्या पोटी रीना जन्मली. पंचविशीची, मस्कतमध्येच वाढलेली, मराठी बोलते ती अडखळत, जिन्यावरून चपला हातात घेऊन उतरावं तशी. तिने एके दिवशी जेवताना सांगितलं की मार्च महिन्यात ती चार मैत्रिणींबरोबर नॉर्वेला जाणार आहे. बर्फाचं एक पठार आठ दिवसांत पायाला स्की लावून ओलांडायचं, आणि तंबू, शेगडी, खाणं असं सगळं सामान प्रत्येकीने आपापल्या स्लेजवर (बिनचाकांची घसरगाडी) लादून कमरेने ओढायचं. स्लेज तिकडे भाड्याने मिळते. पण त्यांच्या म्होरक्या बाईची अट होती की प्रत्येकीने आधी दोन दिवस भरलेली स्लेज ओढून, स्वतःच्या हाताने जुंपून बघितलेली असावी.

"पण इथे बर्फ कुठे आहे?" मी विचारलं.

"सँड आहे ना, डॅडा. सेम थिंग. ऑलमोस्ट."

त्या 'ऑलमोस्ट'ने माझी झोप उडाली. माझी बायको तेरेजा नर्स आहे, तिने आयुष्यभर माझ्यापेक्षा घाबरलेली माणसं हाताळली आहेत. ती म्हणाली, "ती जाणारच. तू सोबत जा म्हणजे निदान तुझं बीपी तुझ्याबरोबर राहील, माझ्याकडे नको."

पिंपानंतर आम्ही गाडीच्या टपावर बसवतात तो लांब डबा आणून बघितला. तो सरळ चालायचा, पण अरुंद. जरा उतार आला की आडवा पडायचा. मुलांची घसरायची प्लॅस्टिकची ताटली मागवली, ती दोन पाण्याचे कॅन ठेवताच तडकली. शेवटी मी रीनाला वादी अदाईला कासमभाईंकडे नेलं.

कासमभाई हर्णैचे. डोंगराच्या पायथ्याशी त्यांची शेड आहे, मत्रहकडचे मच्छीमार आपल्या फुटक्या फायबरच्या होड्या तिथे दुरुस्तीला आणतात. साठीचा माणूस, बोटांना कायम राळेचा वास. त्यांनी आमचे तिन्ही प्रयोग फोटोत बघितले आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

"परेरा, हे काय चाललंय? पिंप गोल हाय, तो लोळणारच. वाळूत चालायचं म्हणजे तळ सपाट पाहिजे आणि नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचललेली पाहिजे. नाळ खाली राहिली तर होडी पाणी खाते, तशी ही वाळू खाईल. बेटी, बर्फ कसा असतो, भुसभुशीत का कडक?"

"बोथ, अंकल."

"मग खाली दोन कणे देतो. बोटभर उंच. सरळ धरेल."

चार दिवसांत त्यांनी फायबरची एक उथळ परात केली, माणसाच्या उंचीची, पुढून होडीसारखी वर आलेली, तळाला दोन कणे. ओढायला नुसता दोर चालत नाही, हे रीनाने त्यांना कागदावर काढून दाखवलं. उतारावर स्लेज मागून धावत येते आणि टाचांवर आदळते. म्हणून मधे काहीतरी ताठ हवं. कासमभाईंनी नळाचे दोन पांढरे पाइप घेतले, प्रत्येकातून दोर ओवला आणि पाइप स्लेजच्या पुढे फुलीसारखे एकमेकांवरून घेतले, म्हणजे कंबर वळेल तशी स्लेज वळेल. दोन्ही दोर पुढे एकत्र करून रीनाच्या कमरपट्ट्याच्या उजव्या कडीत आणले आणि तिथे सुरगाठ मारली. तिचं एक टोक शेपटासारखं लोंबत ठेवलं.

"हे शेपूट ओढलं की खलास. सगळं मोकळं."

"म्हणजे चुकून ओढलं गेलं तरी सुटणार? कासमभाई, वर एक निरगाठ मारू या ना."

त्यांचं हसणं थांबलं. "नाही. दर्यात एक कायदा हाय. ज्याच्या कमरेला दोर, गाठ त्यानेच बांधायची. दुसऱ्याने हात नाही लावायचा. आणि अशी बांधायची की एका हाताने सुटेल." मग रीनाकडे वळून म्हणाले, "माझा चुलता होता. होडीच्या पंख्यात जाळं अडकलं म्हणून कमरेला दोर बांधून पाण्यात उतरला. दोराचं दुसरं टोक मागच्या होडीला होतं. ती होडी उलटली. ह्याची गाठ सुटली नाही. बस."

एवढं बोलून त्यांनी रीनाकडून ती गाठ वीस वेळा बांधून घेतली. डोळे मिटून. डाव्या हाताने. मी बाजूला उभा राहून बघत होतो आणि त्या लोंबत्या शेपटाकडे मला बघवत नव्हतं.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी आम्ही निघालो. गाडीच्या टपावर स्लेज, आत पाइप, आणि रीनाच्या स्की. देश सोडून चाललेल्या कुणा जर्मन इंजिनियरकडून तिने त्या घेतल्या होत्या. त्यांच्या तळाला चिकटवायला लव असलेल्या कापडाच्या पट्ट्या होत्या, म्हणजे चढताना पाय मागे घसरत नाही. टपावर नेमकं काय आहे, हे पेट्रोल पंपावर तीन जणांनी विचारलं. तिसऱ्याला मी होडी म्हणून सांगितलं.

इब्रापर्यंत काळे, उघडे डोंगर. त्यानंतर डोंगर मागे सरतात आणि बिदियाच्या खजुरीच्या बागांपलीकडे एकदम ती दिसते. रमल (वाळू). गावाच्या मागे, घरांच्या गच्च्यांहून उंच, तांबूस, उभी. मी या देशात बावीस वर्षं राहिलो, पण तिच्या इतक्या जवळ कधी आलो नव्हतो. लहान मुलांना घेऊन लोक इथे सहलीला येतात. मला मात्र ती गावाकडे हळूहळू चालत येतेय असं वाटलं. पुढे सालिम म्हणाला की ते खरंच आहे, दरवर्षी थोडी येते.

सालिम म्हणजे ज्याच्याकडे आम्ही उतरलो तो बदू (वाळवंटी टोळीतला माणूस). चाळिशीचा, उंट पाळतो, पर्यटकांना वाळूत नेतो आणि इथल्या पुष्कळ लोकांसारखं कामापुरतं हिंदी बोलतो. त्याच्या घरी आधी कहवा (वेलचीची कडू कॉफी) आणि खजूर, मग रखाल (कागदासारखी पातळ भाकरी) मधात बुडवून. मी चार खाल्ल्या. भीती वाटली की मला भूक लागते.

त्याने बोटाने वाळूत नकाशा काढला. इथल्या टेकड्या लांबच लांब, एकमेकींना समांतर. मधे सपाट पट्टे. पहिल्या दिवशी एका पट्ट्यातून सरळ चालायचं आणि मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवीकडची टेकडी ओलांडून पलीकडच्या पट्ट्यात उतरायचं. तिथे एक मोठं गाफचं झाड आहे, त्याच्याखाली सालिम आमची गाडी घेऊन थांबेल.

"इधर से चढ़ना आराम. उधर दीवार है," त्याने टेकडीची दुसरी बाजू तळहाताने उभी करून दाखवली. "ऊपर जाके पहले देखना, फिर उतरना. और सुबह दबाब आएगा तो बैठना. चलना नहीं."

दबाब म्हणजे धुकं. वाळवंटात धुकं? मी रीनाकडे बघितलं. तिचा चेहरा नाताळच्या सकाळी व्हायचा तसा झाला होता.

शुक्रवारचा दिवस, खरं सांगायचं तर, सुंदर होता. हे लिहिताना मला तसं म्हणता येतं. तेव्हा मी पावलं मोजत होतो. रीना पुढे, स्कीवर, दोन काठ्या टेकत. तिच्यामागे फुलीचे पाइप आणि त्यामागे कासमभाईंची परात, नाळ वर करून, वाळूवर दोन कण्यांच्या बारीक रेघा ओढत. त्यामागे मी, बुटांत, पाठीला पिशवी. तिने चाळीस किलो वजन ठरवलं होतं. मी गुपचूप पाण्याचे आणखी दोन कॅन चढवले होते. तिने पहिल्याच चढावर ओळखलं.

"डॅडा! हे हेवी आहे. तू काय टाकलं?"

"पाणी."

"किती?"

"पुरेल इतकं."

तिने पट्टा कमरेवर आणखी घट्ट केला आणि पुढे वाकून चालू लागली. स्कीखाली वाळू रवा चाळल्यासारखी वाजत होती. एका ठिकाणी उंटांचा कळप आमच्याकडे बघत उभा राहिला. त्यांनीही असलं काही बघितलं नसावं. मला त्यांचा आधार वाटला. उंट आहेत म्हणजे माणूस जवळ असणार.

दुपारी एक गोष्ट घडली. काठी मागे घेताना रीनाच्या सुरगाठीचं शेपूट काठीच्या पट्ट्यात अडकलं, गाठ सुटली आणि ती तशीच पुढे वीस पावलं चालत गेली, हलकी होऊन. स्लेज मागेच राहिली. मी ओरडलो. तिने वळून बघितलं आणि हसत परत आली. गाठ बांधली, शेपूट पट्ट्याच्या आत दुमडलं, म्हणाली, "सी? म्हणूनच प्रॅक्टिस करायची."

मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर वाळू नव्हतीच. पांढरं पठार होतं, वारा होता, आणि माझी पोर वीस पावलं पुढे, तंबूशिवाय, शेगडीशिवाय, मागे बघतेय आणि स्लेज दिसत नाही. मुक्कामाला पोचलो, तिने चूल मांडली, भात आणि सुक्या बांगड्याचं कालवण केलं, छान केलं, तरी माझ्या डोक्यातून ते शेपूट जाईना.

सकाळी तंबूची चेन उघडली आणि बाहेर काहीच नव्हतं. टेकडी नाही, आकाश नाही. दुधी रंगाची भिंत, तंबूच्या दोरापासून सुरू होणारी. कापडावर दव होतं. स्लेज पाच पावलांवर होती आणि तीसुद्धा अर्धीच दिसत होती.

"वॉव," रीना म्हणाली. "डॅडा, तिथे असंच असतं. व्हाइटआउट म्हणतात."

"सालिमने बसायला सांगितलंय."

"हो, हो. बसू. चहा करते."

ती शेगडीशी बसली आणि मला म्हणाली की पट्टा जोडून तयार ठेवलाय, तेवढा कोरडा कर. पट्टा स्लेजवर पडला होता, कडीत तिने स्वतः मारलेली सुरगाठ, शेपूट आत दुमडलेलं. मी रुमालाने पट्टा पुसला. मग माझे हात त्यांच्या सवयीने चालू लागले. मी ठरवून केलं असं म्हटलं तर खोटं होईल, आणि नकळत झालं म्हटलं तर त्याहून खोटं. शेपूट मी कडीभोवती घेतलं आणि सुरगाठीवर एक निरगाठ मारली. मग दुसरी. मग तिसरी. ओल्या दोराची गाठ कशी बसते ते कार्टनं बांधणाऱ्याला विचारा. उरलेलं टोक आधीसारखंच आत दुमडलं. कासमभाईंचा कायदा मला आठवत होता. मी त्याला मनात उत्तरही दिलं: कासमभाई, तो चुलता होता, ही माझी मुलगी आहे.

आम्ही तासभर बसलो. मग धुकं विरळ झालं, टेकडीचा उतार दिसू लागला, आणि रीना म्हणाली, निघू या. बारा वाजता सालिम झाडाखाली असेल. मलाही झाड हवं होतं. तिने पट्टा चढवला, वरून जाकीट ओढलं. गाठीकडे बघितलं नाही. का बघेल? रात्री तिनेच बांधली होती.

चढ लांब आणि मऊ होता. अर्ध्यावर गेलो आणि धुकं परत आलं. खाली गेलेलं दूध उतू यावं तसं खालच्या सपाट पट्ट्यातून वर आलं, आणि मला रीनाची पाठ फक्त एक सावली म्हणून दिसू लागली. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, "वर जाऊन थांबू. इथे स्लोपवर स्लेज मागे खेचते." बरोबर होतं ते. तिची प्रत्येक गोष्ट बरोबर होती, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

माथा कधी आला ते कळलंच नाही. पायाखाली चढ संपला एवढंच. मी तिच्या दहा पावलं मागे होतो. ती थांबायला म्हणून वळली, मागची स्लेज तिच्याबरोबर वळली, डावीकडे गेली, आणि तिची नाळ एकदम खाली झुकली. तिथे कड होती. वाळूत चाकूने कापल्यासारखी. स्लेज कडेवरून गेली आणि तिने पाइपांसकट माझ्या मुलीला उचलून आडवं पाडलं.

आवाज काहीच झाला नाही. एक क्षण ती होती, दुसऱ्या क्षणी नव्हती.

मी कडेपाशी गेलो. ती खाली, तीन माणसांच्या उंचीइतक्या खोलीवर, उताराला आडवी पडली होती. एक स्की वाळूत रुतलेली, पाय त्यात अडकून पिळलेला, आणि तिच्या खाली धुक्यात कुठेतरी स्लेज लटकत होती, माझ्या पाण्यासकट, तिच्या कमरेला. पट्टा सरकून फासळ्यांवर आला होता. वरून वाळू वाहत होती, शांतपणे, तिच्या पाठीवर, मानेवर.

"डॅडा," ती म्हणाली. ओरडली नाही, तेवढा श्वास नव्हता. "शेपूट ओढते. ओपन होत नाही."

अख्ख्या जगात हे का होत नाही हे माहीत असलेला एकच माणूस होता.

मी एक पाऊल खाली टाकलं आणि माझ्या पावलाने सुटलेली वाळू सगळी तिच्या तोंडावर गेली. ती खोकली. मी पाय मागे घेतला. तिच्या वरून उतरता येणार नव्हतं. मी कडेने धावलो, किती ते आठवत नाही, आणि बाजूने बसून घसरत खाली गेलो, बुटांत, खिशांत, तोंडात वाळू. आडवा सरपटत तिच्यापर्यंत पोचलो. गाठ सापडली. बोटं लावली. साठ किलोंनी ओढून धरलेली, दवात भिजलेली, तीन पदरी गाठ. नखं तुटली. दातांनी धरली. माझं काम मी चोख केलं होतं.

"नाइफ," ती म्हणाली.

चाकू भांड्यांच्या डब्यात. डबा स्लेजवर.

मी तिला सोडून खाली गेलो. तिला सोडून जाणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम होतं, आणि ते मला पाइप धरून, तिला आणखी ओढ न लावता करायचं होतं. स्लेज आडवी होती. मी ताडपत्रीचा दोर उपसला, पहिला कॅन हाताला लागला, तो ढकलून दिला. धुक्यात तो गडगडत गेला आणि बऱ्याच वेळाने खाली आपटला. त्या वेळावरून मला खोली कळली. दुसरा कॅन. तिसरा. चौथा. वरून रीना म्हणाली, "बेटर. डॅडा, इट्स बेटर," आणि मी त्या शब्दावर रडलो, कॅन फेकत. डबा उघडला, कांदा चिरायचा चाकू घेतला, दातांत धरला आणि हातापायांवर वर चढलो.

दोर कापला तेव्हा तो टण् असा वाजला. स्लेज गेली. रीनाने पहिला पूर्ण श्वास घेतला, आणि तो आवाज मला अजून ऐकू येतो. तिची स्की सोडवली, गुडघा सुजला होता, हाड जागेवर होतं. आम्ही दोघं बसून, हात धरून, इंचाइंचाने तळाला उतरलो.

तळाला सगळं सामान विखुरलं होतं. दोन कॅन फुटले होते, त्यांच्याखालची वाळू काळी झाली होती. रीना स्लेजला टेकून बसली आणि तिने जाकीट वर करून कडीकडे बघितलं. दोर कापलेला होता, गाठ तशीच होती. तिने त्या गाठीवरून अंगठा फिरवला. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यात वाळूच होती.

मग धुकं निघून गेलं, परीक्षा संपल्यावर पर्यवेक्षक निघून जातो तसं. समोर गाफचं झाड होतं. चालत दहा मिनिटांवर. झाडाखाली पांढरी गाडी, आणि सालिम आमच्या दिशेने पळत येत होता, दिशदाशा (पायघोळ अंगरखा) दोन्ही हातांनी वर धरून.

त्याने रीनाला गाडीत बसवलं, गुडघ्याला फडकं बांधलं, कहवा दिला. पट्टा सोडवून बाजूला ठेवताना त्याच्या हाताला गाठ लागली. त्याने ती उलटसुलट करून बघितली.

"ये किसने बाँधा? ऊँट को भी ऐसा नहीं बाँधते. ऊँट गिरे तो खोलना पड़ता है."

रीनाने खजूर तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर बघितलं. मी म्हटलं, "मैंने."

वाळूसाठी कमी केलेली टायरमधली हवा बिदियाला पुन्हा भरून घेतली. तिथून गाडी मी चालवत होतो, सावकाश. इब्रा मागे पडलं तेव्हा ती बोलली. मराठीत बोलली, एकेक शब्द शोधून, इंग्लिशमध्ये पळून न जाता.

"मला लगेच कळलं. तिथे खालीच. कासम अंकल तीन नाही मारत. गावाला जाताना तू कार्टनला मारतो ना, ती गाठ आहे."

"हो."

"लहान होते तेव्हा मला वाटायचं, डॅडाने बांधलं म्हणजे काही हरवणार नाही." ती थांबली. "मी कार्टन नाही, डॅडा."

मी गाडी कडेला घेतली. माफी मागितली. ती कशी मागितली ते इथे लिहीत नाही, नीट जमली नव्हती. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की ती नॉर्वेला जाणार आहे, आणि घरी मम्माला सगळं मीच सांगायचं. मी सांगितलं. तेरेजा त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

स्लेज परत करायला मी एकटाच वादी अदाईला गेलो. कासमभाईंनी पट्टा हातात घेतला, गाठीत त्यांची लोखंडी सुई घालून बघितली, दोनदा. सुटली नाही. मी सगळं सांगितलं. वाटलं होतं, शिव्या देतील. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला, आणि गाठ बोटांत फिरवत म्हणाले, "माझ्या चुलत्याची गाठ त्याने स्वतः नव्हती बांधली, परेरा. माझ्या बापाने बांधली होती. धाकटा भाऊ, जीव होता त्याच्यावर. वाहून जाऊ नये म्हणून."

शेडमध्ये पॉलिशचं मशीन चालू होतं. चहा आला. आम्ही तो प्यायलो. मग त्यांनी करवतीच्या पात्याने गाठ कापून काढली आणि कडीत नवा दोर ओवून दिला.

माझ्या भीतीबद्दल चार शहाणपणाचे शब्द शेवटी लिहावेत असं मला वाटलं होतं. नाहीत माझ्याकडे. ती गेलेली नाही. वाळवंटाची नाही आता, बर्फाची आहे, आणि तिला मार्चपर्यंत वाढायला भरपूर वेळ मिळाला. फक्त एवढं कळलं की ही भीती माझी आहे, आणि मी ती दुसऱ्याच्या कमरेला बांधून मोकळा होत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी रीना बॅग भरत होती. दोर आणि पट्टा तिने शेवटी ठेवला होता. बॅगेला दोर बांधू का, असं मी विचारलं नाही. तिने पट्टा कमरेला लावला, दोराचं दुसरं टोक जेवणाच्या टेबलाच्या पायाला अडकवलं आणि कडीत सुरगाठ मारली.

"बघ, डॅडा. बरोबर आहे?"

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि वाकून बघितलं. बरोबर होती.

"तू ओढ," ती म्हणाली.

"कायदा आहे. दुसऱ्याने हात नाही लावायचा."

"तो बांधायला. हे सोडायला आहे."

मी शेपूट धरलं आणि ओढलं. गाठ लगेच सुटली, काहीच जोर लागला नाही. तिने पुन्हा बांधली, मी पुन्हा सोडली. तेरेजा ताटं घेऊन येईपर्यंत आम्ही तेच करत होतो.